एका दिवसाची सनद

१४ फेब्रुवारी जवळ आली, की एकीकडे गुलाबांचा भाव चढतो आणि दुसरीकडे संस्कृतिरक्षकांचा पारा. आणि ज्या तरुण जिवांसाठी हा दिवस, त्यांना मात्र बागेतल्या बाकावर जीव मुठीत धरून बसावे लागते. हा सण परकी आहे, एवढाच जर या मंडळींचा आक्षेप असेल, तर त्यांनी कृपा करून श्रीहर्षाची ‘रत्नावली’ उघडावी.

त्या नाटिकेचा पहिला अंक मदनोत्सवाचाच आहे. कौशांबीचे नागरिक रंग उधळीत, पिचकाऱ्यांनी एकमेकांस भिजवीत रस्तोरस्ती नाचत आहेत, आणि मकरंदोद्यानात रक्ताशोकाच्या तळी महाराणी वासवदत्ता आधी कामदेवाचे व मग पती राजा उदयनाचे यथासांग पूजन करीत आहे. सिंहलाची राजकन्या असूनही दासी म्हणून वावरणारी सागरिका, जिला राजाच्या दृष्टीस पडू नये म्हणून राणीने सारिका सांभाळण्याच्या निमित्ताने तेथून दूर धाडले आहे, ती झाडाआडून हा सोहळा पाहते, उदयनालाच प्रत्यक्ष मदन समजते आणि दुरूनच त्याला फुले वाहते. एरव्ही ज्या नजरेबद्दल दासीला शासन झाले असते, ती त्या दिवशी भक्ती ठरते.

माझ्या मते प्रेमदिनाचे सारे माधुर्य या मुभेत आहे. ज्यांचे मनोमीलन झाले आहे त्यांना पंचांग लागत नाही (आणि जुन्या संसारी गृहस्थांनी फुलाऐवजी वेळेवर भाजी आणली तरी चालते). परंतु वर्षभर शब्द ओठांवर येऊन परत फिरणाऱ्या भिडस्त माणसाला हा दिवस बोलण्याची सनद लिहून देतो. इंग्लंडात १४७७ च्या फेब्रुवारीत मार्जरी ब्रूज हिने जॉन पॅस्टनला आपला ‘व्हॅलेंटाइन’ म्हणून पत्र लिहिले, तेव्हा त्यांचे लग्न हुंड्याच्या घासाघिशीत अडले होते. वडील याहून अधिक देणार नाहीत, पण तुमचे प्रेम खरे असेल तर तुम्ही मला सोडणार नाही, असा त्या पत्राचा मथितार्थ आहे. मराठी वाचकाला यात परके काय वाटावे? पुढे त्यांचे लग्न झाले.

बाजाराने या दिवसाला आलेली अवकळा मला दिसत नाही असे नाही. लाल फुग्यांचा तो उच्छाद मलाही असह्य होतो. पण मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये याच दिवसाच्या मागणीवर नजर ठेवून गुलाबाची छाटणी करणाऱ्या शेतकऱ्याला त्याबद्दल दूषण देण्याचे धाडस मला होत नाही.

राहिली बंदीची मागणी. ‘शाकुंतला’त दुष्यंताने वसंतोत्सव बंद केला आणि आम्रमंजरी खुडणाऱ्या दासींना कंचुकीने दटावले, हे खरे, पण तो हुकूम निरपराध पत्नीला नाकारल्याच्या पश्चात्तापातून सुटला होता. आजच्या बंदीवाल्यांपाशी तेवढेही कारण नाही. तेव्हा १४ फेब्रुवारीस बागांतून बंदोबस्त ठेवायचाच असेल, तर तो बाकांवरच्या जोडप्यांना उठवायला येणाऱ्या टोळ्यांवर ठेवावा, एवढीच पोलीस खात्यास विनंती आहे.