वाडी विचारणाऱ्यांनो

नोकरीच्या पहिल्या दिवशी अशी ओळख करून द्या की ती सगळ्यांच्या लक्षात राहील, असे मुलाखतीच्या क्लासात शिकवतात. आमच्या सिंधुदुर्गात ती संधीच मिळत नाही. नवा माणूस तोंड उघडायच्या आत प्रश्न येतो, "खंयचो तू?"

आमच्या कार्यालयात एक मुलगी लिपिक म्हणून रुजू झाली. हातात नेमणुकीचे पत्र. तिने नाव, आडनाव, गाव सांगितले. ज्येष्ठ सहकाऱ्याचे समाधान होईना. "गाव कळलो. वाडी खंयची गो?" तिने वाडी सांगितली. "हां," एवढेच म्हणून ते फाइलकडे वळले. त्या एका "हां"त तिचा निकाल लागला. पदवी, टायपिंग, हिशेबाची जाण कोणी विचारलीच नाही. मी समोरच्याच टेबलावर होतो आणि गप्प बसलो. ते मला अजून टोचते.

हा प्रश्न कशासाठी असतो, ते इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 'कर' लावलेली आमची आडनावे गावाची. आचऱ्याचे आचरेकर, पेंडूरचे पेंडूरकर. एकच आडनाव अनेक जातींत असते, त्यामुळे त्यावरून जात कळत नाही. वाडीवरून कळते, कारण आमच्या कित्येक वाड्या जातीजातींनीच वसल्या. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. पाट्या बदलतीलही. पण विचारणाऱ्याला पाटी लागतेच कुठे? त्याला अख्खा तालुका पाठ असतो.

"आम्ही आपुलकीने विचारतो," हे मला सांगू नका. मुंबईच्या लोकलमध्ये गाववाला भेटला की माझाही ऊर भरून येतो. पण आपुलकीला गावाचे नाव पुरते. ऑफिसात वाडी विचारली जाते ती जात काढायला.

क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर आमच्याच मालवणात जन्मले. 1990 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. वाडीवरून नव्हे, शिवाजी पार्कच्या मैदानावर त्यांनी घडवलेल्या खेळाडूंवरून देश त्यांना ओळखतो. लक्षात राहणारी ओळख म्हणतात ती ही.

म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांनो, वाडी विचारली तर सांगू नका. आपल्याला काय काम येते ते सांगा. जुन्यांनो, आधी खुर्ची द्या, मग कामाचे विचारा. आणि समोरच्या टेबलावर बसलेल्यांनो, तो प्रश्न कानावर आला की तिथल्या तिथे अडवा. मी केले ते तुम्ही करू नका.