सभासदाला पुन्हा पुन्हा काय विचारता?

दिवाळी सरली की नागपुरात अधिवेशने, चर्चासत्रे आणि मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आले की लॉजमध्ये खोली मिळत नाही, मंगल कार्यालये लग्नांसाठी आधीच गेलेली असतात. अशा वेळी बाहेरगावचे किती सभासद मुक्कामाला येणार हे कार्यवाहांना वेळेत कळले नाही, तर संस्थेचा खर्च हाताबाहेर जातो. सभासद वेळेत नोंदणी का करत नाहीत? ते उदासीन आहेत, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. आम्हाला ते मान्य नाही.

सक्करदरा चौकात, शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या आसपास दवाखाना चालवणारा एखादा वैद्य डोळ्यांपुढे आणा. तो संघटनेचा आजीव सभासद. तरीही प्रत्येक परिषदेला त्याने नाव, पत्ता, पदवी, सभासद क्रमांक नव्याने भरायचा, क्यूआर कोडवर पैसे पाठवायचे, स्क्रीनशॉट एका नंबरवर टाकायचा आणि पावतीसाठी दुसऱ्याच माणसाला फोन करायचा. रात्री रुग्ण संपल्यावर हे करायला बसलेला माणूस फॉर्म अर्धवट सोडतो. तिकडे कोषाध्यक्ष बँकेच्या उताऱ्यातले बारा आकडी यूपीआय क्रमांक स्क्रीनशॉटशी जुळवत बसलेले असतात. पैसे मुलाच्या खात्यातून आले असतील, तर ते कोणाचे हेच कळत नाही.

दुखणे सभासद नोंदवहीत आहे. ती वर्षभर अद्ययावत असेल, तर मोबाइलवर आलेला ओटीपी टाकताच सभासदाची माहिती समोर येते, सवलतीचा दर आपोआप लागतो, वर्गणीची थकबाकीही दिसते. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. 1860च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 15 नुसार तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकलेल्या सभासदाला मताचा हक्क नसतो. परिषदेला जोडून सर्वसाधारण सभा घेणाऱ्या संस्थांत यावरून ऐन दारात वाद होतात. एखाद्या ज्येष्ठ सभासदाला चारचौघांत थकबाकी सांगणे हा त्यांचा अपमान आहे. नोंदणी करतानाच ती दाखवा, तिथेच भरून घ्या.

आणि नको ती माहिती मागू नका. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख स्पष्ट आहे : कामापुरतीच माहिती घ्या. जेवणाच्या कुपनाला आधार क्रमांक कशाला?

सगळे मोबाइलवर ढकलूनही चालणार नाही. विदर्भ साहित्य संघाने आपल्या शताब्दीच्या काळात, फेब्रुवारी 2023 मध्ये, वर्ध्याला 96वे साहित्य संमेलन भरवले. अशा संस्थांचे बळ गावोगावच्या शाखांत असते. ज्यांना फॉर्म जमत नाही त्यांची नोंदणी शाखेतल्या कार्यकर्त्याने फोनवर विचारून करावी. हे काम कमी प्रतीचे मुळीच नाही.

यंदाचा फॉर्म पाठवण्यापूर्वी तो आपल्या एका वयस्कर सभासदाच्या हाती द्या आणि शेजारी बसा. ते जिथे अडतील तो प्रश्न काढून टाका, मगच नोंदणी सुरू करा.