स्टार्टर बदलण्याआधी

जुनी पद्मिनी, अँबॅसिडर किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० सकाळी सुरू झाली नाही की पहिला सल्ला मिळतो, 'स्टार्टर गेला, बदला!' ज्यांची चूल गाडीवर पेटते, त्यांचा रोज बुडतो आणि वर हा खर्च. म्हणून खिशात हात घालण्याआधी पाच मिनिटे स्वतः तपासा, असे आम्ही सुचवतो.

गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले आणि टकटक आवाज आला, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा टर्मिनलवर चढलेल्या क्षाराचा. बॉडीला जोडलेली वायर आधी काढा, ती शेवटी बसवा. टर्मिनल घासून घट्ट करा. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ दाखवते. जवळ विडी-काडी नको. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याचा भडका उडतो.

दिवे तसेच प्रखर राहिले आणि एकच 'टक्' झाले, तर सोलेनॉइड किंवा स्टार्टर पाहावा. आवाजच नसेल, तर चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडची बारीक वायर.

इंजिन जोरात फिरते पण पेटत नाही, तेव्हा स्टार्टर निर्दोष समजा. चावी बंद करून डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढा. पावसाळ्यात आत ओल धरते. कोरड्या फडक्याने पुसा. तडा गेला आहे का, पॉइंट जळाले आहेत का, तेही पाहा.

मग मेकॅनिककडे जा, लक्षणे सांगा आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. माहितगार गिऱ्हाइकाला फसवणे कठीण असते.