भाड्याचे तट्टू

मराठीत ‘भाडे’ या शब्दाला प्रतिष्ठा नाही. संस्कृतातल्या ‘भाटक’पासून तो आला, म्हणजे कूळ तसे चांगले, पण इकडे येऊन त्याची संगत बिघडली. भाडोत्री माणूस म्हटले की तो गुंड, भाड्याचे तट्टू म्हटले की ते पैशापुरते चालणारे जनावर, आणि भाडेकरू म्हटले की घरमालकाच्या कपाळावरची आठी! स्वतःचे ते सोने नि भाड्याचे ते कथील, अशी आपल्या मध्यमवर्गीय मनाची पक्की समजूत असते. त्यामुळे सुट्टीत लांब जायचे ठरले की पहिला वाद मोटारीवरून होतो. आपली न्यायची, भाड्याची घ्यायची, आणि भाड्याची घेतली तर ती हाकायची कोणी?

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही लडाखला जायचे ठरवले तेव्हा हा वाद आमच्या दापोडीच्या दिवाणखान्यात पंधरा दिवस चालला. वादी आमचे साडूभाऊ. त्यांचे आयुष्य चाकणला मोटारींच्याच कारखान्यात गेलेले. त्यामुळे मोटार दुसऱ्याने चालवायची आणि आपण मागे बसून शेंगदाणे खायचे, ही कल्पनाच त्यांना अपमानाची वाटते. पुण्याहून लेह दोन हजार किलोमीटरांच्याही पुढे, तेव्हा घरची गाडी बाद झाली. मग त्यांनी दुसरा बेत मांडला. मनालीला स्वतः चालवायची गाडी भाड्याने घ्यायची आणि सरळ वर चढायचे. “प्राध्यापक, बोरघाट मी डोळे मिटून चढतो,” ते म्हणाले. बोरघाट चढताना डोळे मिटणाऱ्या माणसाबरोबर हिमालयात जायला आमची सौ. तयार नव्हती, आणि बरोबर सासूबाईही यायच्या होत्या.

तंटा मिटवायला आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावले. दापोडीतल्या एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांची उभी हयात गेली. जिथे वर्षानुवर्षे लाल गाडीचा सांगाडा चढला, तिथले ते फिटर. मोटारीविषयी ते फारसे बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा डॉक्टरसारखे बोलतात. ते म्हणाले, “सर, इंजिनालासुद्धा श्वास लागतो. खर्दुंगलाला हवा निम्मी. माणूस धापा टाकतो तसं इंजिनही टाकतं. आणि चढताना गाडी फार तर बंद पडेल; जीव जातो तो उतरताना. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून मऊ पडतात, आणि मग देवाचं नाव.”

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती भाड्याने मोटार घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावी म्हणून येथे नोंदवतो. गाडीच्या पाटीचा रंग पाहायचा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर ती चालकासह मिळणारी टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असली तर ती आपण स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारी रीतसर गाडी. त्या धंद्यासाठी केंद्र सरकारची १९८९ ची योजना आहे आणि तिने निदान ५० गाड्या हव्यात अशी अट घातली होती. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर ती कोणाची तरी घरची गाडी. ती भाड्याने देताच येत नाही. ‘ओळखीतली आहे, स्वस्तात पडेल’ असे म्हणून पुष्कळजण तीच घेतात. पण खाजगी मोटारीचा विमा भाड्याच्या वापराला लागू नसतो. अपघात झाला म्हणजे ओळख एकीकडे राहते आणि नुकसान आपल्या पदरात पडते.

साडूभाऊंनी मनालीची काळ्या पाटीची गाडी शोधून काढली. दिवसाचे भाडे ऐकून मीसुद्धा क्षणभर डगमगलो. पण चौकशी करता कळले की, बाहेरून भाड्याने आणलेली गाडी लेहपर्यंत पोहोचली तरी पुढे नुब्रा आणि पांगोंगच्या फेरीला तिला जाऊ देत नाहीत. तो मान तेथल्या स्थानिक टॅक्सीचा. चालकांची संघटना आहे, तिचे छापील दरपत्रक आहे, आणि रस्त्यात गाड्या तपासल्या जातात. घरच्या मालकीच्या गाडीला आडकाठी नाही. अटकाव आहे तो भाड्याच्या गाडीला.

“ही मक्तेदारी झाली!” साडूभाऊ गरजले.

झाली खरीच. पण वाचकहो, मक्तेदारी पाहायला लडाखपर्यंत कशाला जायचे? आपल्या माथेरानला दस्तुरीच्या नाक्यावर लाखाची असो की कोटीची, मोटार ठेवावीच लागते, आणि पुढे घोडेवाल्याशी गाठ असते. तिथे आपण कुरकुर करत का होईना, घोड्यावर बसतोच. लेहच्या टॅक्सीवाल्याचा हिशेबही जरा मांडून पाहावा. झोजिलाचा रस्ता आणि मनालीचा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद होतात. प्रवासी येतात ते बहुतेक मे ते सप्टेंबरात. गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र बर्फात गोठत नाही. तो बाराही महिने भरावा लागतो. मनाली-श्रीनगरच्या शेकडो गाड्यांना मोकळे रान दिले तर पाच महिन्यांची कमाई दुसरेच घेऊन जातील, आणि जानेवारीत आजारी माणसाला गावातून लेहला आणायला टॅक्सी उरणार नाही. मला संघटनांचा फारसा पुळका नाही. दर ठरवणारा आणि दर घेणारा एकच असला की अरेरावी येतेच, हे पुणेकराला रिक्षाच्या थांब्यावर शिकायला मिळते. तरी या बाबतीत मला साडूभाऊंपेक्षा टॅक्सीवाल्यांचे म्हणणे अधिक पटले. विमानाने लेह, तिथे दोन दिवस स्वस्थ पडून राहणे, आणि मग सहाजणांना पुरेल अशी स्थानिक मोठी टॅक्सी असे ठरले. तीन दिवसांच्या फेरीचे भाडे वीस हजारांच्या पुढे गेले. साडूभाऊंनी तो आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

आमचा चालक तिशीतला, नुब्राकडचाच. बोलणे बेताचे. खर्दुंगला चढताना त्याने एकदाही घाई केली नाही, आणि चढत्या गाडीला वाट देण्यासाठी उतरणारी प्रत्येक गाडी थांबते, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिले. नियम आपल्याकडेही तोच आहे. तो फक्त छापून ठेवलेला आहे. माथ्यावरच्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले असे. शास्त्रशुद्ध मोजमापाने ती उंची सुमारे १७,५८० फूट भरते. उरलेले आठशे फूट छायाचित्रासाठी असावेत.

हे रस्ते सीमा रस्ते संघटनेचे. ती १९६० साली स्थापन झाली, आणि तिच्या ‘हिमांक’ प्रकल्पाचे काम लडाखमध्ये १९८५ पासून चालू आहे. वळणावळणावर तिच्या पिवळ्या पाट्या आहेत. वेग कमी ठेवा हा उपदेश त्यांवर इंग्रजी यमकांत केलेला असतो. यमके जरा सैल आहेत, पण परीक्षकाच्या नजरेने दरीकडे पाहणे शहाणपणाचे नाही, म्हणून मी सर्वांना उत्तीर्ण केले. या संघटनेच्या ‘ग्रेफ’ दलाचे केंद्र आमच्या दापोडीजवळच्या दिघीला आहे. इतकी वर्षे त्या फाटकावरून मी भाजी घेऊन गेलो. आत शिकलेली माणसे काय करतात ते सतरा हजार फुटांवर समजले. रस्त्याच्या कडेला डांबराच्या धुरात तोंडाला फडके बांधून उभे असलेले मजूर मात्र दुमक्याकडचे, झारखंडचे होते.

दुसऱ्या दिवशी नुब्राहून पांगोंगला निघायचे होते. मंडळींचा बेत असा की, सकाळी हुंदरच्या वाळूत दोन मदारींचे उंट पाहावेत, पोटभर न्याहारी करावी आणि अकराला निघावे. चालक म्हणाला, “सहाला निघू, नाहीतर नको.” पुण्यात रिक्षावाल्याचे ‘नाही’ ऐकून आपले कान किटलेले असतात, साडूभाऊ उसळले. “पैसे आम्ही मोजायचे आणि वेळ याने ठरवायची?” चालकाने शांतपणे सांगितले की, श्योक नदीच्या रस्त्याला ओढे आडवे येतात. रात्री बर्फ वितळत नाही म्हणून सकाळी पाणी थोडे असते. ऊन चढले की ते फुगते. आम्ही सहाला निघालो. ओढ्यांत तेव्हा चाक जेमतेम ओले होत होते. संध्याकाळी तंबूंच्या मुक्कामी उशिरा पोहोचलेली मंडळी भेटली. तीन तास ओढ्याकाठी खोळंबून, दोरखंड लावून त्यांची गाडी ओढून काढली होती. साडूभाऊंनी त्यांची विचारपूस केली आणि नंतर आमच्याशी त्या विषयावर ते बोलले नाहीत.

पांगोंगचे पाणी निळे आहे, एवढे सांगून पुढे जातो. त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत.

रात्री अकराच्या सुमारास सासूबाईंचे डोके ठणकू लागले. दोनदा उलटी झाली. श्वास लहान लहान होऊ लागला आणि बोलता बोलता त्या शब्द विसरू लागल्या. चौदा हजार फुटांवर याचा अर्थ काय, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनी आम्हाला समजावले होते. तिथून खाली उतरवणे हाच खरा उपाय. “गाडी काढा, सरळ लेह!” साडूभाऊ म्हणाले. लेह साडेअकरा हजार फुटांवर, म्हणजे नकाशात ते बरोबरच होते. सौ. आईचा हात धरून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले, मी चालकाकडे.

तो सासूबाईंच्या ओठांवर टॉर्च धरून पाहत होता. “लेह नहीं साब,” तो म्हणाला. “बीच में चांगला है.”

चांगला म्हणजे खिंड. ला म्हणजे घाटमाथा. लेह खाली खरे, पण तिथे जायचे तर आधी सुमारे साडेसतरा हजार फुटांचा चांगला ओलांडायचा. आणि रात्री माथ्यावरच्या रस्त्यावर पाण्याचा बर्फ होतो. आजारी माणसाला खाली नेण्यासाठी आणखी साडेतीन हजार फूट वर चढवायचे! त्याऐवजी खिंडीच्या अलीकडे तांगत्से गाव आहे, ते सरोवरापेक्षा खाली आहे आणि तिथे सरकारी दवाखाना आहे. हे सारे सांगायला त्याला दोन वाक्ये लागली. तिसरे वाक्य त्याने गाडी सुरू करून बोलले.

तांगत्सेपर्यंत दीड तास लागला. साडूभाऊ पुढच्या आसनावर बसून काचेतून रस्ता पाहत होते. त्या दीड तासात ते गिअरबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. डॉक्टरांनी प्राणवायू लावला. पहाटे पाचला सासूबाईंनी विचारले, “माझी शाल तंबूत राहिली का गं?” तेव्हा सौ. पहिल्यांदा रडली.

दुसरा दिवस तिथेच काढला. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी, उन्हाच्या वेळी, प्राणवायूची नळकांडी जवळ ठेवून चांगला ओलांडला. माथ्यावर गाडी थांबवली नाही. चालक त्या रात्री आणि पुढच्या रात्रीही गाडीतच झोपला होता.

लेहला हिशेब झाला. जादा दिवसाचे पैसे त्याने दरपत्रकात दाखवून घेतले, कमीही नाही नि जास्तही नाही. रात्रीच्या फेरीसाठी वेगळे द्यायला मी पाकीट काढले तर तो म्हणाला की, ती फेरी दरपत्रकात नाही. शेवटी सासूबाईंनी त्याच्या मुलीसाठी म्हणून दिलेली नोट त्याने कपाळाला लावून घेतली.

यंदा साडूभाऊंनी स्पितीचे काढले आहे. काकांना त्यांनीच वर चहाला बोलावले, आणि वहीत लिहून घेतलेला पहिला प्रश्न असा होता : तिथला चालक काझाचाच मिळेल ना, आणि त्याच्या जेवणाखाणाचे नि राहण्याचे भाड्यात धरलेले असते, की आपण वेगळे बघायचे?