शीर्षकाचा टंक आणि वाचनाची दिशा

मराठी समीक्षेने संहितेचा विचार अनेक अंगांनी केला. परंतु संहिता ज्या अक्षररूपात वाचकापुढे येते ते रूप तिने बहुधा मुद्रकाची बाब मानले. वास्तविक ग्रंथाचे शीर्षक वाचले जाण्याआधी पाहिले जाते आणि वाचकाची अपेक्षा तेथेच आकार घेऊ लागते. 'बलू' हा टंक या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने सिद्ध केलेला हा जाड, गोलसर शीर्षकटंक २०१६ च्या सुमारास खुल्या परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध झाला. नाव किपलिंगच्या अस्वलाचे. इतर लिप्यांतील त्याच्या भावंडांना गुजरातीत 'भाई', बंगालीत 'दा', तमिळमध्ये 'तंबी' अशी बंधुवाचक उपपदे मिळाली. (देवनागरीच्या वाट्याला नुसताच 'बलू' आला, 'भाऊ' शोभला असता.) 'सॅन्स सेरिफ' ही रोमन अक्षरांवरून आलेली संज्ञा देवनागरीस नीटशी लागू पडत नाही. येथे घडते ते वेगळेच: बोरूच्या तिरप्या कापातून येणारा जाड-बारीक भेद जवळजवळ मावळतो, रेषांची टोके गोलावतात आणि अक्षराची सारी ओळख त्याच्या सांगाड्यावर येऊन पडते.

जाडीची खरी कसोटी इथे लागते. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांना वेगळे राखण्यात शिरोरेषेतील लहानशा फटीचा वाटा मोठा असतो. रेषा जाडावली की ती फट आक्रसते. 'क्ष', 'ष्ट', 'द्ध' यांच्या पोटातील पांढरी जागा बुजू लागते. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील अर्थभेद तर रकाराच्या एका वळणावरच उभा आहे. मोठ्या आकारात 'बलू' हा भार प्रसन्नपणे पेलतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि २०१९ च्या 'बलू २' मध्ये जाडीचे पाच प्रकार आले आणि शीर्षकाच्या टंकाला मजकुरात उतरण्याची वाट मोकळी झाली. हा उपयोग सर्वत्र इष्ट आहे, असे म्हणवत नाही.

अधिक गंभीर प्रश्न स्वराचा आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी हाताने रेखलेली शीर्षके त्या त्या नाटकाच्या प्रकृतीतून जन्मली. एकाचे अक्षर दुसऱ्यास चालले नसते. तयार टंकाचा स्वभाव मात्र आधीच ठरलेला असतो. 'बलू'चा स्वभाव मनमोकळा, खेळकर आहे. बालवाङ्मयास, विनोदी लेखनास तो साजतो. शोकात्म कादंबरीच्या मुखपृष्ठावर तोच टंक योजला, तर पहिले पान उलटण्यापूर्वीच तिचे गांभीर्य सैलावते. दोष टंकाचा नव्हे, निवडीचा. आणि सहज, विनामूल्य मिळणाऱ्या वस्तूची निवड बहुधा विचाराविना होते.

ग्रंथवर्णनात आवृत्ती, आकार, पृष्ठसंख्या आणि फार तर मुखपृष्ठकाराचे नाव नोंदले जाते. शीर्षक हाताने रेखलेले की टंकात जुळवलेले, टंक कोणता, पुढील आवृत्तीत तो बदलला काय, या नोंदी प्रबंधांतून अभावानेच आढळतात. वाङ्मयाच्या स्वागताचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला त्यांची गरज भासेल, तोवर जुनी मुखपृष्ठे ग्रंथालयांच्या बांधणीत फाडून टाकली गेलेली असतील.