गॅरेजच्या दाराची युझर ट्रायल

बदलीची ऑर्डर आली तेव्हा बायकोने फोनवर विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "कोसा." ती हसत सुटली. तिचं माहेर रायपूरचं, आणि छत्तीसगडमध्ये कोसा म्हणजे टसर रेशीम. तिला वाटलं, नवऱ्याची साडीच्या दुकानात बदली झाली. आमच्या भाषेत कोसा म्हणजे छत्तीसगड आणि ओडिशा सब एरिया, मुक्काम नवा रायपूर. बदलीच्या ऑर्डरवर सासुरवाडीचं गाव यावं, हे पीस पोस्टिंग की फील्ड, यावर आमच्या मेसमध्ये अजून एकमत झालेलं नाही.

मी मात्र या बदलीवर जरा ओझं घेऊनच आलो होतो. त्या ओझ्याचं नाव गॅरेजचं दार.

सासरचं घराणं मूळचं तात्यापाऱ्यातलं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून जी मराठी घरं इथे रुजली, त्यांतलं एक. सासरे, म्हणजे बाबा, भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झाले आणि रायपूरच्या कडेला त्यांनी एक टुमदार घर बांधलं. आपल्याकडे गॅरेज म्हटलं की मेकॅनिकचं दुकान डोळ्यांसमोर येतं, घरी असतो तो पोर्च. पण बाबांचा आपल्या गाडीवर फार जीव. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, त्या उन्हात गाडी ठेवायची नाही म्हणून त्यांनी तीन बाजूंनी भिंती घालून चांगलं बंद गॅरेज बांधलं. समोर दहा फूट रुंद, आठ फूट उंच तोंड आणि त्यावर हाताने ओढायचं साधं शटर.

बाबांच्या सत्तरीला मी त्यांना मोटरचं शटर भेट दिलं. तेव्हा मी अरुणाचलमध्ये होतो. नेटवर्क मिळेल त्या टेकडीवर उभं राहून चाळीस मिनिटांत सगळा व्यवहार उरकला. फोटो पाहिला, रंग निवडला, रिमोट दोन मागितले, भाव पाडला, पैसे पाठवले. रिमोटचं बटण दाबून हसणाऱ्या बाबांचा व्हिडिओ आला, तो मी मेसमध्ये सगळ्यांना दाखवला.

पुढच्या वर्षीचा जून. पाऊस यायचा होता, वादळ आधी आलं. कोरब्याच्या औष्णिक केंद्रांमुळे हे राज्य विजेच्या बाबतीत मिजाशीत असतं, "आमच्याकडे लाइट जात नाही" हे बाबांचं आवडतं वाक्य. पण तारेवर झाड पडलं तर कोरबा काय करणार? रात्री अकराच्या सुमाराला लाइट गेले. पावणेबाराला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आईंना गाडी चालवता येते, त्यांनी बाबांना धरून बाहेर आणलं आणि रिमोट दाबला. दार जागचं हललं नाही.

मला मिस्ड कॉल दिसला तो रात्री एक वाजता. आई एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, दार उघडलंच नाही हो." शेजारच्यांनी स्वतःची गाडी काढली आणि ते हॉस्पिटलला पोचले. पण शेजारी उठेपर्यंत, किल्ल्या शोधेपर्यंत अर्धा तास गेला होता. बाबा वाचले, स्टेंट पडला, आज ठणठणीत आहेत. तो अर्धा तास मात्र माझ्या खात्यावर जमा आहे.

चूक मोटरची नव्हती. लाइट गेल्यावर हाताने ओढायची साखळी त्या शटरला होती. ती होती आत, मोटरजवळ. आणि गॅरेजला दुसरं दार नव्हतं. म्हणजे कुलपाची किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप घालावं तसा प्रकार. बसवणाऱ्याने मला विचारलं नाही हे खरं, पण मीही त्याला विचारलं नाही. एखाद्या लेफ्टनंटने असं अप्रिसिएशन माझ्यासमोर आणलं असतं, तर मी त्याला कागद परत करून म्हटलं असतं, "लाइट गेली तर?"

म्हणून या बदलीत पहिल्याच रविवारी बाबांना म्हटलं, "हे दार बदलायचं." बाबा म्हणाले, "आता कशाला खर्च?" आई काही बोलल्या नाहीत. त्यावरूनच मला कळलं की बदलायचं.

यावेळी फौजेची पद्धत धरली. फौजेत वस्तू घ्यायची तर आधी तिने काय केलं पाहिजे ते कागदावर लिहितात, त्याला क्यूआर म्हणतात. किंमत नंतर. आमच्या घराचा क्यूआर चार ओळींचा झाला. एक, लाइट नसताना बाहेरून उघडलं पाहिजे. दोन, अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या एकट्या बाईला उघडता आलं पाहिजे. तीन, बिघडलं तर रायपुरातल्याच माणसाला दुरुस्त करता आलं पाहिजे. चार, एकूण खर्च चाळीस हजारांत. रंग आणि रिमोट यादीत नव्हते.

मग कोटेशन मागवली. इथे एक गंमत सांगतो, कारण यात पुष्कळजण फसतात. हाताच्या शटरसाठी एकाने चौरस फुटाला २४० रुपये सांगितले, दुसऱ्याने २९०. एल-वन कोण, हे सांगायला अकादमीत जावं लागत नाही. पण बाबांनी विचारलं, "माप कुठलं धरणार?" दुसरा म्हणाला, तोंडाचं, म्हणजे ८० चौरस फूट. पहिला म्हणाला, शटर वर गुंडाळतं तो भाग आणि बाजूच्या खाचांत जातो तो भागही धरून, म्हणजे साडेदहा गुणिले साडेनऊ, जवळजवळ १००. आता गुणाकार करा. स्वस्तवाल्याचे २४,००० आणि महागवाल्याचे २३,२००. वर १८ टक्के जीएसटी दोघांनाही. दर विचारण्याआधी माप विचारा.

दुसरी गोष्ट पत्र्याची. उरला, सिलतराच्या कारखान्यांमुळे रायपूर हे पोलादाचं गाव, आणि बाबा भिलाईचे. त्यांच्यासमोर एकजण "भारी वीस गेज" म्हणाला. बाबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे बऱ्याच गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. अठरा गेज साधारण सव्वा मिलिमीटर, वीस गेज सुमारे पाऊण ते एकच्या मध्ये. पोलादाचा एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा पत्रा ७.८५ किलो भरतो. आमचं तोंड सुमारे ७.४ चौरस मीटर. सपाट पत्रा धरला तरी सव्वा मिलिमीटरचा ७३ किलो आणि ०.९ चा ५२. वीस किलोंचा फरक रंगाखाली दिसत नाही. म्हणून गेज बोलू नका, मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि पंधरावीस रुपये जास्त द्यावे लागले तरी व्हर्नियर लावणारा माणूस सोबत न्या. माझ्याकडे सासरे होते.

आता मुख्य कार्यक्रम. संरक्षण खरेदीत "नो कॉस्ट, नो कमिटमेंट" ट्रायल असते. कंपनीने स्वतःच्या खर्चाने वस्तू आणायची, आम्ही ती वाळवंटात आणि बर्फात वापरून बघायची, घेऊच असं वचन नाही. मी आईंची ट्रायल घेतली. परिस्थिती: संध्याकाळ उलटलेली, दिवे बंद, एका हातात टॉर्च, मदतीला कोणी नाही. मी दहा पावलांवर घड्याळ घेऊन उभा.

पहिलं, शेजारच्यांचं हाताचं शटर. केंद्रीय बांधकाम खात्याच्या नियमात बॉल बेअरिंग नसलेलं शटर आठ चौरस मीटरपर्यंत हाताने चालवायला चालतं, म्हणजे कागदावर आमचं माप पास. वरच्या स्प्रिंगमुळे ते उचलायला जडही नव्हतं. पण मूठ पायाशी. वाकताना आईंचा गुडघा बोलला, आणि खांद्याच्या वर ढकलायला हात पुरेना. नापास.

दुसरं, आमचंच मोटरचं शटर, साखळी ओढून. सात मिनिटं लागली, दोनदा दम खायला थांबल्या. साखळी बाहेर आणून दिली असती तरी त्या रात्री बाबांना सोडून सात मिनिटं साखळी ओढायची होती. नापास.

तिसरं, वेल्डरच्या कारखान्यात उभं असलेलं चार पल्ल्यांचं लोखंडी दार. पल्ले म्हणजे आपल्या पुण्याकडच्या झडपा. अडीच फुटांचा एकेक, दोन डावीकडे घडी होतात, दोन उजवीकडे. आईंनी कडी काढली, ढकललं, पुन्हा ढकललं. वीस सेकंद. मग मागे वळून म्हणाल्या, "हे तर आमच्या तात्यापाऱ्यातल्या वाड्याच्या दारासारखं आहे." ट्रायल संपली.

हे दार घडीचं का, तर साध्या दोन पल्ल्यांना उघडायला पाच फूट जागा लागली असती आणि फाटकापर्यंत आमच्याकडे चारच फूट होती. घडी केल्यावर अडीच फुटांत काम भागलं. शिवाय एक पल्ला एकटाच उघडतो, म्हणजे माणसाला जायला वेगळं दार आपोआप मिळालं.

खर्चाचा हिशेब असा. काम वजनावर दिलं, करासकट किलोला १२५ रुपये. काट्यावर चढवलं तेव्हा १६८ किलो भरलं, म्हणजे २१,०००. बेअरिंगच्या बिजागऱ्या, कड्या, कुलूप, प्राइमर आणि रंग मिळून ६,५००. उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार आणि पाण्याला चर यासाठी गवंड्याचे ७,०००. इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक चार महिन्यांतच; उताराविना कुठलंही दार लावा, तळ गंजणारच. झाले ३४,५००. बॅटरीवरचा दिवा १,५००, तो कडीच्या वरच. उरलेले ४,००० रिझर्व्ह, ते हात न लावता ठेवले. गवंड्याने तिसऱ्या दिवशी जुन्या चौकटीखालची वीट फुटलेली दाखवली, तेव्हा त्यांतले हजार गेले. रिझर्व्ह कशाला ठेवतात, हे फौजीला सांगायला नको.

या दाराला खोड नाही असं नाही. धूळ शटरपेक्षा जास्त येते. दोन पल्ल्यांचा भार भिंतीकडच्या बिजागऱ्यांवर येतो, तेव्हा दर दिवाळीला ग्रीस आणि दोन-चार वर्षांनी एकदा वेल्डर लागेल. पण तो वेल्डर दीड किलोमीटरवर आहे.

मोटर वाईट, असं माझं म्हणणं नाही. जगात उलटंही घडलंय. अमेरिकेत हे मोटरचं दार घरोघरी आहे. तिथे १९९३ पासून कायदा आहे की खाली येताना अडथळा लागला तर दाराने आपोआप उलट फिरलं पाहिजे, कारण मुलं चेंगरत होती. २०१७ साली कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली, आणि गाड्या गॅरेजमध्ये अडकून माणसांना बाहेर पडता येईना. त्यानंतर तिथे कायदा झाला: १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटरला बॅटरी हवीच. तो कायदा मी वाचला तेव्हा मला त्या रात्रीच्या आई दिसल्या. इतकी प्रगत माणसंही आमच्याच चुकीवरून शिकली.

तेव्हा मोटर घ्यायचीच तर पैशांचा क्रम बदला. आधी दुसरं छोटं दार, किंवा बाहेरून चालणारी हाताची सोय. मग अडथळ्यावर उलट फिरण्याची सोय. मग बॅटरी. यातून उरले तर रिमोट. आणि दोन गोष्टी फुकटच्या: शटरची स्प्रिंग ताणलेली असते, ती घरच्या पान्याने सोडवायला जाऊ नका, आणि दार बंद करून आत जनरेटर किंवा गाडी चालू ठेवू नका, त्या धुराला वास नसला तरी माणूस मरतो.

मित्रहो, हे सगळं मी विशेष करून आपल्या माजी सैनिकांसाठी लिहितोय. आपण वर्षानुवर्षं घराबाहेर असतो आणि त्याची भरपाई म्हणून घरी वस्तू पाठवतो. वस्तू निवडतो आपण, आपल्या ताकदीने, आपल्या हौसेने. वापरतं दुसरंच कोणी, आणि नेमकं आपण नसताना. फौजेत हत्यार कुणाच्या हाती जाणार हे विचारल्याशिवाय आपण घेत नाही. घरी मात्र हा प्रश्न विचारायला मला तो अर्धा तास लागला.

आज रात्री घरचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा. तुम्ही काही करू नका. घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला म्हणा, गाडी बाहेर काढायचीय, दार उघडा. घड्याळ लावा. किती मिनिटं लागली ते मला कळवा.

जय हिंद.