जुने नाणे घासू नका!

विद्यार्थी मित्रहो, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आधी घरातील चांदीची भांडी आणि जपून ठेवलेले राणीछाप रुपये रांगोळीने वा दंतमंजनाने घासून लख्ख करताना तुम्ही पाहिले असेल. भांड्यांपुरते ते ठीक आहे. परंतु जुने नाणे घासणे ही मोठी चूक होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाण्यावरचे पुट म्हणजे मळ नव्हे. राणीछाप रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असते. हवेतील हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकयुक्त वायूंमुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. प्रारंभी तो मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या काही पट एवढाच जाड असतो. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. काही रंग मावळतात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच जातीचे. थर वाढेल तसे पिवळा, तांबूस, निळा असे रंग येतात आणि शेवटी नाणे काळे पडते.

अमेरिकेचे मॉर्गन डॉलर पहा. १८७८ पासून पाडलेली ही नाणी हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोरीत कित्येक दशके पडून होती. कापडातील गंधकामुळे पिशवीला टेकलेल्या बाजूंवर इंद्रधनुष्याचे रंग चढले. त्याच प्रतीच्या पांढऱ्या नाण्यापेक्षा अशा सुंदर नाण्याला संग्राहक पुष्कळ अधिक किंमत देतात. म्हणून तर गंधक लावून, तापवून खोटे रंग चढवणारेही निघाले. जाणकार परीक्षक अशी नाणी नाकारतात.

प्रत्येक पुट किंमत वाढवते असे मात्र नाही. जाड, काळे, डागाळलेले पुट किंमत उतरवते. "मग ते तरी घासावे ना?" असे तुम्ही विचाराल. नाही! पुटातील चांदी त्या नाण्याचीच असते. पुट खरवडले की तीही जाते. शिवाय रांगोळीचे कण धातूवर बारीक ओरखडे पाडतात आणि टाकसाळीची मूळ झळाळी कायमची हरवते. पुन्हा पुट चढेल, पण ओरखडे बुजणार नाहीत.

शिक्षकांना एक विनंती. चांदीचा एखादा मोडका तुकडा उकडलेल्या अंड्याच्या बलकाजवळ बंद बरणीत ठेवून रंग कसे बदलतात ते वर्गात दाखवावे. आणि मित्रहो, यंदा पूजेत आजोबांचा रुपया जरूर ठेवा. तो कडेने धरा, पण घासू नका!